शेपूट कापलेले मेल

९ नोव्हेंबर

ताई,

पाकिटावरचं अक्षर बाबांचं नाही, माझंच आहे. फाडू नकोस. निदान हे पान तरी वाच.

पत्ता मोज्यांच्या पार्सलवरून घेतला. तू आईला राखाडी मोजे पाठवले होतेस ना, त्याचं खोकं मी टाकलं नव्हतं. तू घर बदललं असशील तर हे भलत्याच माणसाच्या हातात पडेल. त्याने वाचलं तरी चालेल मला, तो काही मला ओळखत नाही.

कागदावर लिहितेय कारण घरून केलेला मेल तुझ्याकडून तसाच परत येतो. आणि फोनचं तुला माहितीये. तू हॅलो हॅलो करून ठेवून देशील आणि मी अजून पहिला शब्दच शोधत असेन.

मला तुझे मेल हवेत. आईला लिहिलेले, अगदी पहिल्यापासूनचे. आमच्याकडचे गेले. कसे गेले ते सांगते, पण पूर्ण वाचायच्या आधी बाबांना शिव्या घालायच्या नाहीत.

आईचं मेलचं खातं ज्या कंपनीचं होतं, ती ते सगळं बंद करणार असा निरोप उन्हाळ्यात आला. हवं ते उतरवून घ्या म्हणे, नंतर आम्ही पुसणार. आता गंमत म्हणजे मला हेच काम येतं. मी कामाला लागलेय, तुला माहीत नसेल. शिंप्याच्या दुकानावर एक छोटं ऑफिस आहे, तिथे. बंद पडलेल्या कारखान्यांचे, वकिलांचे, कुणा वारलेल्या प्राध्यापकाचे जुने मेल आमच्याकडे येतात. सगळे एका गठ्ठ्यात, दाबून भरलेले. आम्ही ते सोडवतो. एक मेल, एक फाइल. जोडलेले फोटोबिटो त्याच्या शेजारी. नावात आधी तारीख, मग कुणाचा, मग विषय, मग नंबर. मॅडम म्हणतात, वीस वर्षांनी कुठल्याही यंत्रावर उघडलं पाहिजे. आमच्यात एक मुलगा आहे, त्याला सगळे रीस्टार्ट म्हणतात, कारण काहीही बिघडलं की तो तेवढंच सांगतो. तो परवा म्हणाला, "पण मॅडम, वीस वर्षांनी हे उघडणार कोण?" मॅडम म्हणाल्या, "तुला शोधायला कुणी उघडणार नाही, एवढं नक्की. चल, कामाला लाग."

बरं आहे तिथे. बोलावं लागत नाही. सकाळचं काम करून जेवायला घरी, मग दुपारभर आई.

तर मी बाबांना म्हटलं, आईचे मेल ऑफिसात नेऊन नीट लावते. ते म्हणाले, "घरातलं चार लोकांत उघडं करायचं नाही. मी करतो. जन्मभर कारखान्याचं स्टोअर सांभाळलंय मी, चार मेल मला लावता येत नाहीत होय?" आणि बसले. आठवडाभर चष्मा कपाळावर नि लॅपटॉप मांडीवर.

आईने तुला पहिला मेल केला त्याचा विषय आठवतो? 'जेवलीस का'. त्यानंतर तिने मला नवा मेल कधी उघडूच दिला नाही. "तोच काढ आणि त्यालाच उत्तर दे. नवा उघडलास तर तिला कळणार कसं की मीच आहे ते?" म्हणजे इतक्या वर्षांचे तुमचे सगळे मेल एकाच नावाचे. बाबांनी पहिला उतरवला, नाव 'जेवलीस का'. दुसरा उतरवला, नाव तेच. यंत्र विचारतं, या नावाची फाइल आहे, तिच्या जागी ही ठेवू का? बाबा म्हणाले ठेव. दर वेळी ठेव. मी नंतर सहज विचारल्यासारखं विचारलं, तर म्हणाले, "नव्या मेलच्या खाली जुनं सगळं येतंच की. एकच माल दोनदा कशाला ठेवायचा?"

आणि ते तसं चुकीचं नव्हतं ताई. दुसऱ्या कुणाच्या घरी शेवटच्या फाइलीत सगळं सापडलं असतं. पण आपल्या मेलना शेपूट कुठेय? आई सांगायची, मी टाइप करायचे, आणि खाली लोंबणारं जुनं दिसलं की तिचं डोकं फिरायचं. "ते शेपूट काप आधी. झालेलं बोलणं परत परत काय दाखवतेस तिला?" मी कापायचे.

आता एक फाइल उरलीय. तुझा शेवटचा मेल, दवाखान्याच्या जिन्यात भांडण झालं त्यानंतरचा. 'ती शाळेत परत जात नाही तोवर मला काही कळवू नका.' त्याच्या खाली आईने अर्धांगाचा झटका यायच्या आधी सांगितलेला एक. पंख्याचा आवाज गेला, बाबांचा खोकला काही गेला नाही. बस, एवढंच.

कंपनीला लिहिलं. तिकडून आपोआप उत्तर येतं, आभार मानतात. रीस्टार्टने लॅपटॉप उलटापालटा केला, त्याला काही मिळालं नाही. मॅडम म्हणाल्या, "प्रत्येक मेल दोन घरी असतो. इथला गेला तर तिथून मागव." म्हणून हे पत्र.

बाबांना अजून माहीत नाही. त्यांनी पेनड्राइव्हला पट्टी चिकटवून 'पूर्ण' असं लिहिलंय आणि कपाटात ठेवलाय.

आईला रोज दुपारी तुझे मेल लागतात. पाठव.

उंदरी


२३ नोव्हेंबर

ताई,

पोचलं का नाही, कळायला मार्ग नाही. म्हणून परत.

मागच्या वेळी एक सांगायचं राहिलं. राहिलं नाही, सांगितलं नाही. मेल गेलेत तर मी दुपारी आईला वाचून काय दाखवते?

लॅपटॉप उघडते. समोर ती एकच फाइल. ती वाचायची नाही, तिच्यावरून नजर फिरवायची आणि पाठ आहे ते म्हणायचं. तुझी जिन्यातला दिवा काढून घरात नेणारी घरमालकीण. तू कुकरमध्ये पाणी घालायला विसरलीस ते. हे इतक्यांदा वाचलंय की मला येतं. पण सगळं येत नाही.

आई आता तीनच शब्द बोलते. हं, नाही, आणि दे. डॉक्टर म्हणतात, तिला सगळं समजतच असेल असं धरू नका. डॉक्टरांनी एकदा दुपारी येऊन बसावं आमच्यात. मी म्हटलं, "घरमालकीण दिवा काढून नेते," की हं. मी म्हटलं, "ती जाडी घरमालकीण," की लगेच नाही. तू जाडी लिहिलं नव्हतंस. मी परत पहिल्यापासून म्हणायचं, जाडी वगळून, मग हं. शाळेतल्या बाई परवडल्या.

आणि जेव्हा अजिबात आठवत नाही तेव्हा मी रचते. गेल्या आठवड्यात तू एक मांजर पाळलंस. पांढरं, एक कान काळा. मला वाटलं आवडेल तिला. ती नाही म्हणाली नाही. चिडलीही नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, औषध घेईना. बाबा झोपेतून उठून आले. "काय झालं हिला? वाचलंस ना आज?" मी म्हटलं वाचलं. ते म्हणाले, "मग उद्या दुसरा वाच. एवढे आहेत त्यात." आणि कपाटाकडे हात केला.

मी लॅपटॉप मिटला.

शाळेचं पण सांगते, म्हणजे एकदाचं होऊन जाईल. तुला वाटतं त्यांनी मला काढलं. नाही काढलं. मीच जात नव्हते. आईला बरं नव्हतं त्याच्याही आधीपासून. वाचायला उभं केलं की पुस्तकातली ओळ मला स्वच्छ दिसायची, फक्त बाहेर यायची नाही. मागून कुणीतरी म्हणायचं, "रेडिओचा आवाज वाढवा." मग वर्ग हसायचा. मी दप्तर घेऊन निघायचे आणि बसस्टॉपच्या बाकावर दुपारपर्यंत बसायचे. मग आई पडली, आणि मला कुणी विचारायचंच बंद झालं. मला निमित्त मिळालं, बाबांना मदतीला माणूस मिळालं. यात वाईट कोण, ते तूच ठरव. मला ठरवता येत नाही.

जिन्यात तू बाबांना म्हणालीस, "तुम्हाला घरात फुकटची नर्स हवीये." आणि बाबा म्हणाले, "निघ इथून, परत फोन करू नकोस." तेव्हा मी औषधांची पिशवी घेऊन खालच्या पायरीवर उभी होते. मला हे सगळं तेव्हाच सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तोवर तू माझ्या बाजूने धाडधाड खाली उतरून गेलीस.

मेल पाठव ग. उत्तर लिहू नकोस हवं तर. नुसते मेल पाठव.

उंदरी


१२ डिसेंबर

ताई,

चिठ्ठी मिळाली. पोस्टमनने बाबांच्या हातात दिली. बाबांनी अक्षर ओळखलं, पाकीट उलटंसुलटं केलं, माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि म्हणाले, "तुझं आहे." बाकी काही नाही.

'सगळे मेल आहेत माझ्याकडे. तू शाळेत नाव घाल, पावतीचा फोटो पाठव, त्याच दिवशी मी मेल पाठवते. माझं चुकत असेल तर सांग, पण माझ्याकडे दुसरा उपाय नाही.'

चुकतंय. तूच सांग म्हणालीस म्हणून सांगते.

तुला आठवतंय, बाबांकडे नवीन वही मागितली की जुनी दाखव म्हणायचे? पेन संपलं तर संपलेलं पेन जमा करायचं, मग नवं. तू दारात उभी राहून ओरडायचीस, "घर आहे का स्टोअर? इथे आंघोळीच्या साबणालापण चिठ्ठी लागते!" आम्ही हसायचो. बाबासुद्धा मिशीत हसायचे. आता त्या स्टोअरच्या खिडकीच्या आत तू बसलीयेस आणि मी बाहेर उभी आहे, कोणता कागद आणू विचारत.

माझ्याशी भांडायचंय तर माझ्याशी भांड. आईला मध्ये ठेवू नकोस. तिला पावती कळत नाही, अट कळत नाही. तिला एवढंच कळतं की दुपार झालीये आणि ही मुलगी काहीतरी खोटंनाटं वाचतेय.

मी दमलेय. कामाने नाही, काम सोपं आहे. सध्या एका बंद पडलेल्या बॉयलर कारखान्याचे मेल आहेत. आज मी कुणीतरी वॉशरची ऑर्डर रद्द केल्याचा मेल नीट नाव देऊन ठेवला. मग ते रद्द करणंच रद्द केल्याचा. वीस वर्षांनी कुणाला लागलंच तर सापडेल. आणि घरी येऊन मी मांजर रचते.

बाहेरून परीक्षा देता येते. मॅडमनी फॉर्म आणून दिलाय, ऑफिसच्या खणात पडलाय. त्यात तोंडी काही नसतं, सगळं लेखी. भरला तर भरेन, नाही तर नाही. पण मेलच्या बदल्यात भरणार नाही. तसा भरला तर तो फॉर्म माझा राहणार नाही.

हे वाचून तुला राग येईल. मला पहिल्यांदाच कुणाला असं लिहून हलकं वाटतंय, पण आता पाकीट बंद करायला हात धजत नाहीये. म्हणून लगेच जाऊन टाकते, अजून काही लिहीत नाही.

उंदरी


२९ डिसेंबर

ताई,

फोनमधून तुला इकडचं दिसलं नसेल, म्हणून लिहितेय.

तुझा फोन आला तेव्हा बाबा खुर्चीत पेपर वाचत होते. फोन त्यांचाच, नाव त्यांनाच दिसलं. वाजू दिला. मग पेपरची घडी घातली, फोन हातात घेतला, आता उचलतायत असं मला वाटलं, आणि माझ्यासमोर आणून धरला. "घे. वाजतोय."

मी घेतला. माझं नेहमीचं सुरू. तू म्हणालीस, "उंदरे, तूच ना? बोलू नकोस, श्वासावरून कळतंय. आईच्या कानाला लाव." बरं झालं तसं म्हणालीस. दुसरं काहीही विचारलं असतंस तर मी ठेवला असता.

आईने आधी फोनपासून मान काढून घेतली, थंड लागला तो कानाला. मग तू जुना मेल वाचायला लागलीस, 'आई, आज इथे वीज गेली होती'. ती हलायचीच थांबली. मेणबत्ती शोधताना तू दुसऱ्याच्या खोलीत शिरलीस, त्यातला तो म्हातारा ओरडला, ते सगळं ती डोळे मिटून ऐकत होती. माझा हात भरून आला म्हणून मी आवाज मोठा केला आणि फोन उशीवर ठेवला. म्हणजे बाबांना सगळं ऐकू येत होतं. पेपर त्यांनी परत उघडला होता, पण पान काही उलटत नव्हते.

मग तू शेवटी 'बाकी ठीक आहे, काळजी करू नकोस' म्हणालीस आणि आई म्हणाली, "नाही."

तुला वाटलं तिला काही दुखतंय. "काय झालं? काय ग नाही?" मला हसू आलं. तुझा मेल, तूच वाचतेयस, आणि तिने तुझीच चूक काढली! तू परत वाचलंस. परत नाही. मला आधी वाटलं फोन कटला. आणि मग तू तो गाळलेला भाग वाचलास, एकदम भरभर, रागावल्यासारखा. 'बाबांना सांग, नवीन कुलूप घेतलं नाही. त्यांनी दिलेलंच लावते. दुसऱ्या कुलपाने मला झोप लागत नाही.'

आई म्हणाली, "हं."

तू लगेच फोन ठेवलास. त्यामुळे पुढचं तू ऐकलं नाहीस. बाबा पेपरमागून म्हणाले, "पितळी का लोखंडी?" कुणालाच नाही, असंच. मी म्हटलं माहीत नाही. ते म्हणाले, "पितळी असेल. लोखंडी गंजलं असतं एव्हाना."

नंतर स्वयंपाकघरात त्यांनी मला गाठलं. "ती फोनवरून कशाला वाचतेय? आपल्याकडे आहेत ना सगळे?" मग सांगावंच लागलं. नावाचं, जागी ठेवण्याचं, शेपटाचं. मी भिंतीकडे बघून सांगितलं पण सगळं सांगितलं. त्यांनी धुतलेला कप परत धुतला. म्हणाले, "तपासून घ्यायला हवं होतं मी. स्टोअरमध्ये कुणी असं केलं असतं तर मेमो दिला असता त्याला." मग म्हणाले, "म्हणजे इतके दिवस तू काय वाचत होतीस?"

मी म्हटलं, मांजर.

त्यांनी विचारलं नाही कसलं मांजर. जेवताना मात्र त्यांची एक पोळी मला वाढली. मला नको होती. खाल्ली.

उंदरी


११ जानेवारी

ताई,

मेल मिळाले. सगळे एकदम, एका गठ्ठ्यात पाठवलेस, पावती न मागता. त्याबद्दल काही लिहीत नाही, लिहिलं तर खोटं वाटेल.

रविवारी दिवसभर बसून सोडवले. एक मेल, एक फाइल, आधी तारीख, शेवटी नंबर. दोन ठिकाणी ठेवलेत. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. मी नाव वाचायचे, ते म्हणायचे "पुढे". मध्येच एकदा म्हणाले, "हा मी पाहिला होता. यात तिला ताप होता." मग पुढे म्हणायला विसरले.

आणि आता ऐक. एवढा खटाटोप करून सोमवारी मी आईसमोर लॅपटॉप उघडला. खरे मेल, अक्षर अन् अक्षर तुझं. पहिली ओळ वाचली. नाही. दुसरा काढला. नाही. तिसऱ्याला तिने डाव्या हाताने लॅपटॉपचं झाकणच खाली ढकललं आणि फोनकडे बघायला लागली. तिला ते तुझ्या तोंडून हवेत. मी इतके दिवस ज्यासाठी तुझ्या मागे लागले होते ते आता माझ्याकडे नीट लावून ठेवलंय, आणि तिला ते नको झालंय. मला आधी रडू आलं. मग वाटलं, बरंच आहे. मला तसंही वाचायला कधी आवडत नव्हतं.

फॉर्म अजून खणातच आहे. विचारू नकोस. एकदा बाहेर काढून नाव लिहिलंय, एवढंच.

मुख्य गोष्ट ही. तू परवा म्हणालीस की दर दुपारी फोन करशील. पण पुढच्या आठवड्यापासून मी दुपारची ऑफिसात आहे. बॉयलरवाल्यांचा अजून एक गठ्ठा आलाय, मॅडमनी विचारलं दुपारी कोण थांबेल, आणि मी थांबेन म्हटलं. मोठ्याने म्हटलं, रीस्टार्टने मान वळवून बघितलं. मला दुपारी थोडं घराबाहेर असायचंय, ताई. याला तू काहीही म्हण.

म्हणजे फोन बाबा उचलतील. मी त्यांना सांगितलंय. ते हॅलो म्हणणार नाहीत. तू बाबा म्हटलंस तरी उत्तर येईल असं नाही. तिकडे नुसती शांतता असेल, खोकला असेल, पण ठेवू नकोस. वाचायला सुरुवात कर. काल मी त्यांच्याकडून सराव करून घेतला. कोणत्या कानाला लावायचा, आवाज कुठून मोठा करायचा, तिने मान काढली तर किती थांबायचं. नीट धरतात. हात अवघडला तरी खाली घेत नाहीत.

उंदरी